आवाहन आणि विसर्जन

भाद्रपद महिन्यात आमच्या वऱ्हाडात महालक्ष्म्या येतात. पुण्या-मुंबईकडे त्यांनाच गौरी म्हणतात. नाव निराळे असले तरी तीन दिवसांचा क्रम एकच : पहिल्या दिवशी आवाहन, दुसऱ्या दिवशी पूजन आणि जेवण, तिसऱ्या दिवशी विसर्जन. पहिल्या दिवशी घरातल्या बायका उंबरठ्यापासून आतपर्यंत कुंकवाची पावले काढतात आणि महालक्ष्मीला हाती घेऊन धान्याची कोठी, दुभत्याची जागा, असे सारे घर दाखवून आणतात. दुसऱ्या दिवशी पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या. तिसऱ्या दिवशी घर एकाएकी सुने वाटू लागते, आणि पुढल्या वर्षी पुन्हा ये, असे विनवून तिची पाठवणी होते.

लहानपणी मला या क्रमाचे कोडे पडे. देवी जर सगळीकडेच आहे, तर तिला बोलवायचे कशाला? आणि एवढ्या हौसेने बोलावल्यावर तिसऱ्याच दिवशी निरोप द्यायचा कशाला? चाळिशी ओलांडल्यावर त्यातला अर्थ थोडाथोडा कळू लागला आहे. हाक मारणे ही क्षणाची गोष्ट आहे. परंतु हाकेला ओ देऊन कोणी आले, की त्याला बसायला आसन, पाय धुवायला पाणी, ल्यायला वस्त्र आणि खायला घास द्यावा लागतो; जाताना वेशीपर्यंत पोचवावेही लागते. आवाहन आणि विसर्जन हे एकाच कृत्याचे दोन काठ आहेत. मधून जे वाहते, त्याला आपण आतिथ्य म्हणतो.

पण देव मोठा आहे. त्याची बडदास्त ठेवण्यात आपला थोडा स्वार्थही असतो. पाहुणा मोठा नसला तरी तो मनात आले तर येणार नाही, अपमान झाला तर उठून जाईल, ही भीती असते. खरा प्रश्न त्याच्या पुढे सुरू होतो. आपल्या हाकेला जो यायला बांधलेलाच आहे, ज्याला नाही म्हणता येत नाही, ज्याला जाणे-राहणे ठाऊकच नाही, त्याचे आपण काही देणे लागतो काय? आणि पाहणारे दुसरे कोणीही नसताना?

भुताची एक जुनी गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली आहे. एका माणसाला मंत्र मिळतो आणि भूत त्याच्यापुढे उभे राहते. भुताची अट एवढीच, की मला सारखे काम दे. काम संपले की मी तुला खाईन. माणूस सांगतो, विहीर खण. क्षणात विहीर तयार. वाडा बांध, क्षणात वाडा तयार. शेत नांगर, तेही झाले. शेवटी माणसाची पाचावर धारण बसते. मग त्याला युक्ती सुचते : अंगणात एक उंच खांब पूर आणि मी सांगेपर्यंत त्यावर चढ नि उतर. भूत चढू-उतरू लागते, माणूस वाचतो आणि गोष्ट संपते.

मी प्राथमिक शाळेतला मास्तर. ही गोष्ट मी वर्गात किती वेळा सांगितली असेल, त्याची गणती नाही. मुले दर वेळी टाळ्या पिटतात. एका वर्षी तिसरीतल्या एका मुलीने टाळ्या पिटल्या नाहीत. तिने विचारले, "गुरुजी, मग ते भूत अजून चढतंच असेल का?" वर्ग हसला. मला मात्र त्या पोरीच्या प्रश्नाने गोष्टीतली एक उणीव दाखवली. त्या माणसाजवळ आवाहनाचा मंत्र होता. विसर्जनाचा मंत्र त्याने मागितलाच नव्हता. आपण वाचलो, एवढ्यावर तो संतुष्ट झाला.

हा प्रश्न अलीकडे माझ्या मनात पुन्हा जागा झाला तो माझ्या भाच्यामुळे. माझी बहीण पूर्णेकाठच्या एका गावी राहते. दोन वर्षांपूर्वी तिचे यजमान गेले. मुलगा पुण्याच्या एका कंपनीत नोकरीला होता. तो गावी परत आला आणि तेव्हापासून घरूनच संगणकावर काम करतो. शेत बटाईने दिले. गोठ्यातली बैलजोडी विकावी लागली. भाचा दिवसभर कंपनीचे काम करतो आणि रात्री जेवणे आटोपल्यावर त्याच संगणकावर एक खेळ खेळत बसतो, अगदी एकटा. दिवाळीच्या सुटीत मी गेलो, तेव्हा बहिणीने माझ्यापाशी तक्रार केली, "दादा, तू मास्तर हायेस, तूच सांग त्याले. रातभर एकटाच बसते अन् त्या पडद्यातल्या भुताले काम सांगते."

उपदेश करण्याआधी वस्तू पाहावी, म्हणून मी तीन-चार रात्री त्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसलो. वाचकांपैकी ज्यांच्या घरी तरुण मुले आहेत, त्यांना असे खेळ ऐकून ठाऊक असतील. इतरांसाठी थोडे सांगतो.

या खेळाचे नाव 'एव्हरक्वेस्ट'. तो अमेरिकेत १६ मार्च १९९९ रोजी निघाला आणि अजूनही चालू आहे. हौशी लोकांनी त्याचे अगदी सुरुवातीचे रूपही जपून ठेवले आहे. भाचा तेच खेळतो. जगभरची माणसे आपापल्या घरी बसून एकाच वेळी एका काल्पनिक मुलखात शिरतात. तिथे डोंगर, दऱ्या, पडके किल्ले, राक्षस, सारे काही आहे. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचे : कोणी योद्धा, कोणी पुजारी, कोणी चोर. राक्षस असे बळकट ठेवले आहेत, की बहुतेकांना एकट्याने त्यांच्या वाटेला जाता येत नाही. म्हणून सहा-सहा जणांचा जथा करायचा. एकाने घाव झेलायचे, एकाने जखमा बऱ्या करायच्या, बाकीच्यांनी मारायचे. माणसांनी एकमेकांवाचून अडावे, अशीच खेळाची रचना आहे.

परंतु काही थोडी सोंगे अशी आहेत, की ती घेणारा एकटा हिंडू शकतो. त्यांपैकी एक मांत्रिक. तो स्वतः अंगाने दुबळा. एका तडाख्यात आडवा होईल. पण तो मंत्र म्हणून आपल्यासाठी एक गण उभा करतो. गणांचे प्रकार चार : पृथ्वीचा, पाण्याचा, अग्नीचा आणि वाऱ्याचा. आपल्या पंचमहाभूतांपैकी चार त्या लोकांना सुचली, आकाश तेवढे राहून गेले! हा गण मांत्रिकाच्या मागे चालतो, सांगितले की शत्रूवर तुटून पडतो, मागे फीर म्हटले की फिरतो आणि प्रत्येक वेळी मांत्रिकाला 'धनी' म्हणून हाक मारतो. यंत्र त्याला एक चमत्कारिक नावही देते. तो मेला तर दुसरा बोलवावा लागतो, आणि दुसऱ्याचे नाव दुसरे असते.

मी भाच्याला विचारले, "इतकी माणसं आहेत, तर त्यांच्यात का जात नाहीस?" तो म्हणाला, "मामा, चारचौघांत खेळायचं तर चारचौघांची घाई सोसावी लागते. मला एखाद्या ठिकाणी थांबून पाहावंसं वाटतं, तोवर ते पुढे गेलेले असतात." मला ते पटले. एकट्याने रमणारा प्रत्येक जण माणूसघाणा असतो, असे नाही. आठवड्याच्या बाजारात काहीही विकत न घेता दोन तास हिंडणारा म्हातारा आपण पाहतोच; त्याला कोणाशी बोलायचे नसते, पण माणसांची गजबज हवी असते. २००६ साली निकोलस ड्यूशेनो, निक यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या अशाच एका प्रचंड खेळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. 'एकत्र, तरी एकटे?' असा प्रश्नच त्यांनी मथळ्यात घातला होता. लाखोंच्या मेळ्यात शिरलेली माणसे आपला पुष्कळसा वेळ एकेकटीच खेळत असतात आणि भोवतालची माणसे त्यांना सोबतीपेक्षा वर्दळ म्हणून हवी असतात, असे त्यांना आढळले. तेव्हा एकांताच्या कारणाने मी भाच्याला दोष देणार नव्हतो.

माझे लक्ष दुसऱ्याच एका गोष्टीने वेधले. मंत्राने आलेल्या गणाचे बळ दर वेळी सारखे नसते. म्हणून जाणते खेळाडू काय करतात? गण बोलावतात, त्याला अजमावतात, आणि तो थोडा उणा निघाला तर त्याला घालवून देऊन दुसरा बोलावतात. तोही उणा निघाला तर तिसरा. मनाजोगता मिळेपर्यंत हे चालते. गणाला घालवून देण्यासाठी खेळात एक आज्ञा आहे. ती इंग्रजीत दोन शब्दांची आहे आणि तिचे मराठी सरळ 'चालता हो' असेच होईल. ती दिली, की तो उभ्या जागी नाहीसा होतो.

भाचा ही आज्ञा देत नाही. पहिल्या मंत्राला जो येईल, त्याच्यासह तो निघतो. त्याच्या जखमा बऱ्या करतो, त्याच्या हाती मंत्राने काढलेले शस्त्र देतो, तो मागे राहिला तर थांबतो. उणा गण घेऊन गेल्यामुळे दोन वेळा तो माझ्यादेखत हरला. मी म्हटले, "अरे, दुसरा बोलवायचा होतास." तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, "आला तो आला, मामा."

वाचकहो, या चार शब्दांचे मोल काय करावे, हा माझ्यापुढचा प्रश्न आहे. हा मूर्खपणा आहे, हळवेपणा आहे की सदाचार आहे?

मूर्खपणा म्हणणाऱ्याची बाजू दुबळी नाही. तो म्हणेल, या गणाला सुख नाही, दुःख नाही. तो म्हणजे यंत्रातले आकडे. त्याला घालवून दिल्याने त्याचे काही जात नाही, कारण जायला त्याच्यापाशी काही नाहीच. विहिरीवरची मोटार बंद करताना आपण तिचा निरोप घेतो काय? मग या आकड्यांबद्दल एवढे सोवळे कशाला?

हे म्हणणे मी पुष्कळ घोळवून पाहिले. मोटारीपुरते ते बरोबर आहे. परंतु मोटार मला धनी म्हणत नाही, आणि तिने तसे म्हणावे अशी माझी इच्छाही नसते. तिला मी बोलावलेले नसते. ती मी विकत आणून बसवलेली असते. या खेळात मात्र माणसाला नुसते काम करून घ्यायचे नसते. कोणीतरी आपल्या हाकेला यावे, त्याला नाव असावे, त्याने आपल्याला धनी म्हणावे, ही गोडी त्याला हवी असते. खेळ करणाऱ्यांनी गणाला वाचा दिली ती याचसाठी. ही गोडी जो घेतो, त्याने तिची किंमतही द्यावी, असे मला वाटते. 'धनी' हा शब्द फुकट ऐकायचा नसतो. तो कानावर पडला आणि आपल्याला बरा वाटला, की त्याच क्षणी एक देणे आपल्या अंगावर येते. समोरच्याला त्या देण्याची वसुली करता येत नाही, म्हणून देणे नाहीसे होत नाही. ज्याला वसुली करता येते त्याचे तर सगळेच फेडतात. सावकार त्यासाठीच दारात उभा राहतो.

गणाला दुःख होते म्हणून भाचा त्याला ठेवून घेतो, असे मी म्हणत नाही. तोही म्हणत नाही. तो रोज याच यंत्रांत काम करतो, आकडे त्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहेत. त्याचा धर्म गणाशी कमी आणि आपल्या हाकेशी अधिक जडलेला आहे. मी हाक मारली. हाकेला हा आला. आता हा पुरेसा चांगला नाही, असे म्हणायला मी मोकळा नाही. आमच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जूनमध्ये पहिलीत मुले येतात, तेव्हा आम्ही मास्तर असेच वागतो, वागावे लागते. कोणी चुणचुणीत असते, कोणी अडखळते, कोणाच्या पायांत चपला नसतात. गावोगाव हिंडून, घराघरांत सांगून आम्हीच त्यांना बोलावलेले असते. आला तो आला. ज्या शाळेने निवडून-पारखून घेतलेल्या मुलांवर नाव मिळवले, तिच्याविषयी मला मत्सर नाही. पण आमच्या धंद्याचे खरे कसब कुठे लागते, हे मला माहीत आहे.

इथवर मी भाच्याच्या बाजूने बोललो. आता त्याच्या विरुद्ध जे बोलले पाहिजे, ते बोलतो.

अशा खेळांत सोबत्यांचे निरनिराळे प्रकार असतात आणि ते पाहण्याजोगे आहेत. मांत्रिकाचा गण हा बोलावलेला. त्याला नाही म्हणता येत नाही. 'एव्हरक्वेस्ट'मध्येच मोहिनी घालणारा एक जादूगार आहे. तो रानातल्या एखाद्या राक्षसालाच मोहिनी घालून आपल्या कामाला लावतो. पण ती मोहिनी केव्हा उतरेल याचा नेम नसतो. आणि ती उतरली, की राक्षस पहिला हल्ला करतो तो धन्यावरच. तिसरा प्रकार 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' नोव्हेंबर २००४ मध्ये निघाला तेव्हा त्यात होता. त्यातला शिकारी रानातले जनावर माणसाळवतो. आरंभीच्या काळात त्या जनावराला त्याच्या जातीचे खाणे वेळेवर घालावे लागे. उपाशी ठेवले तर ते खट्टू होई, त्याची निष्ठा कमी कमी होत जाई, आणि अखेर ते धन्याला कायमचे सोडून निघून जाई. खेळणाऱ्यांना ही कटकट वाटू लागली, तेव्हा खेळ करणाऱ्यांनी पुढे ती काढून टाकली. आता ते जनावर जात नाही.

जुलमाने बांधलेला उलटतो, हे कळायला खेळ नको. इतिहास पुरे आहे. मला विचार करायला लावले ते तिसऱ्या प्रकाराने. ते जनावर निघून जाऊ शकत होते, तोवर त्याचे राहणे याला काही अर्थ होता. त्याची जाण्याची वाट बंद झाली, आणि धन्याची सोय झाली. पण आज ते माझ्याजवळ राहिले, ही गोष्ट आनंदाची उरली नाही. आपल्या घरांतही हळूहळू हेच होत आहे. विचारले की उत्तर देणारा, सांगितले की गाणे लावणारा, कधीही न रागावणारा सेवक आता प्रत्येकाच्या खिशातल्या फोनमध्ये आहे. तो क्रूर नाही. त्याच्यामुळे आपणही क्रूर होत नाही. भीती निराळी आहे. नकार ऐकण्याची कानाची सवय जाईल, ही ती भीती.

मलकापूरच्या पुढे आमच्या बुलढाणा जिल्ह्याची हद्द संपते आणि जळगाव जिल्हा लागतो. तिथे आमची पूर्णा तापीला मिळते. संगमावरच्या गावाचे नाव चांगदेव, आणि तिथे चांगदेवाचे देऊळ आहे. जवळच मुक्ताईनगर. चांगदेवाची कथा महाराष्ट्राला पाठ आहे. योगबळाने तो चौदाशे वर्षे जगला. ज्ञानेश्वरांची कीर्ती ऐकून त्याने पत्र लिहायला घेतले, पण वयाने लहान नि ज्ञानाने मोठे अशा मुलाला कसे संबोधावे ते न कळून कोराच कागद धाडला. तो पाहून मुक्ताबाई म्हणाली, की चौदाशे वर्षे जगून हा कोराच राहिला. उत्तर म्हणून ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहिल्या. मग चांगदेव वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन भेटीला आला, आणि ही भावंडे बसल्या भिंतीसह त्याला सामोरी गेली.

लहान मुलांना या कथेत भिंत आवडते. मला हल्ली कोरा कागद आठवतो. चांगदेवापाशी काय नव्हते? वाघ त्याच्या मांडीखाली होता, साप मुठीत होता, शिष्यांचा मेळा मागे होता. सगळेच हुकुमाचे ताबेदार. चौदाशे वर्षांत त्याच्या तोंडावर खरे बोलणारे कोणी भेटलेच नव्हते, आणि वाघ तर काही बोलणार नव्हता. तू कोरा आहेस, हे त्याला सांगितले ते एका लहान मुलीने. त्याचा मोठेपणा असा, की तो रागावला नाही. त्याने तिलाच गुरू केले, असे परंपरा सांगते. वाघावर बसून आलेला माणूस खाली उतरला, तो न घाबरणाऱ्या एका पोरीपुढे.

भाच्याला मी ही कथा याच अर्थाने सांगितली. तुझा गण चांगला आहे आणि तूही त्याच्याशी चांगला वागतोस. पण तो तुला कधीही कोरा म्हणणार नाही, एवढे ध्यानात ठेव.

त्यावर त्याने विचारलेला प्रश्न मार्मिक होता. "मामा, ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्याशी न्यायाने वागायचं तरी कसं? त्याला काय हवं हे विचारताच येत नाही."

याचे उत्तर मला पुस्तकात सापडले नाही. ते आपल्या पोळ्यात आहे. श्रावणी अमावास्येला पोळा. दुपारनंतर शिंगे रंगवलेल्या, मठाट्या बांधलेल्या, झुली पांघरलेल्या बैलजोड्या तोरणाखाली उभ्या राहतात, हे सर्वांना ठाऊक आहे. पण आदल्या संध्याकाळी एक लहानसा विधी असतो. जू ओढून ओढून घट्टे पडलेले बैलाचे खांदे शेकतात, त्यांना हळद-तूप चोळतात. आणि मग घरधनी त्याला सांगतो, की आज आमंत्रण घ्या आणि उद्या जेवायला या. बैल दाव्याला बांधलेला आहे. तो उद्या येथेच असणार, आणि दिलेले खाणार. त्याला हे आमंत्रण नाकारण्याची सोय नाही, स्वीकारण्याचीही नाही. तरी त्याला 'घ्या' आणि 'या' असे आदराने म्हणायचे. एरवी ज्याला वर्षभर 'चल रे' म्हणून हाकलले, त्याला एक दिवस तो येईल किंवा न येईल, असे समजून बोलवायचे.

मला वाटते, आपल्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या पूर्वजांनी या एका वाक्यात सगळे शहाणपण बांधून ठेवले आहे. ज्याला नकार देता येत नाही, त्याला तो देता येतो असे समजून वागावे. गुढीपाडव्याला सालगड्याचे साल संपते आणि नवे ठरते, त्या रीतीतही हाच धागा होता. कितीही गरीब झाला तरी त्या दिवशी त्याला उठून जाता येई आणि धन्याला पुन्हा विचारावे लागे. व्यवहारात या रीतीचे काय होई, उचल घेतलेल्या गड्याला जाणे किती अवघड असे, हे मी पाहिले आहे. रीत चांगली असली म्हणजे माणसे चांगली झाली, असे नव्हे. पोळ्याचा बैलही अखेर थकतो. थकलेल्या बैलाचे काय करावे, हा कोरडवाहू शेतकऱ्यापुढचा फार कठीण पेच आहे, आणि ज्याच्या घरी चारा नाही त्याला शिकवण्याचा अधिकार पगारी मास्तराला नाही. तरीही विकायला नेताना जो बैलाच्या गळ्यातली घुंगरमाळ काढून घेतो आणि त्याच्या कपाळावरून एकदा हात फिरवतो, तो विसर्जन करतो. जो न पाहता दावे दुसऱ्याच्या हाती देतो, तो 'चालता हो' म्हणतो. पैसे दोघांना सारखेच मिळतात. बैलालाही कदाचित फरक कळत नसेल. तो माणूस मात्र घरी परततो, आणि कोणता माणूस घरी परतला याने घराला पुष्कळ फरक पडतो.

हे बोलताना भाच्याने खेळ थांबवला होता. वडिलांनी हौसेने आणलेली जोडी विकली गेली, त्या दिवशी तो कंपनीच्या कामात होता असे बहीण म्हणाली होती. मी त्याविषयी त्याला काही विचारले नाही आणि त्यानेही काही सांगितले नाही. फक्त थोड्या वेळाने तो म्हणाला, "बाबांनी त्यांतला एक बैल बाजारातून आणला तेव्हा तो थोडा लंगडत होता. आई परत नेऊन द्या म्हणाली. बाबांनी नेला नाही." एवढेच. मला 'आला तो आला' या शब्दांचे मूळ सापडले. ते खेळात नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहिणीने विचारले, "मंग? काय सांगतलं त्याले? सोडते का तो खेळ?"

मी म्हटले, "खेळ सोडायला नाही सांगितलं. पण एक गोष्ट त्याच्या लक्षात आणून दिली. त्याचा गण एका हाकेला येतो, आणि तू जेवायला तीन हाका मारतेस तरी हा उठत नाही."

बहीण हसली. त्या रात्री चुलीवर भाकरी टाकताना तिने हाक मारली. आतून "आलो" असे उत्तर आले. आणि मग, पाट मांडून, ताटे घेऊन, पाण्याचे तांबे भरून आम्ही दोघे पुष्कळ वेळ त्याची वाट पाहत बसलो. दुसऱ्या हाकेच्या आधी तो आला. उशीर का झाला म्हणून बहीण त्याच्यावर चांगलीच रागावली, भाजीत मीठ कमी आहे म्हणून तो तिच्यावर रागावला, आणि दोघेही पोटभर जेवली.